बेळगावच्या हॉस्टेलातली माझी मुलगी

पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा मी अंगणात भात वाळत घालत होते. पुण्याहून एका बाईंचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस त्यांना गणेशगुडीला यायचं होतं. नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. प्रश्न पुष्कळ होते. नदी किती खोल आहे, सकाळी दूध मिळेल का, घाटात मुलीला उलटी होते तर काय करायचं, जवळ दवाखाना कुठे आहे.

असल्या प्रश्नांची मला सवय होती. माझ्या नवऱ्याची, ह्यांची, जीप आहे. पूर्वी हे जंगलातल्या कामावर माणसांची ने-आण करायचे. पुढे पाहुणे यायला लागले तसे लोंढ्याच्या स्टेशनवरून त्यांना गणेशगुडीला, जोयड्याला, उळवीला पोचवू लागले. पाहुणे ह्यांना विचारायचे, लहान मुलांना घेऊन कुठे राहावं? ह्यांना त्यातलं काही सांगता यायचं नाही, मग हे फोन माझ्याकडे द्यायचे. असं करत करत ते कामच माझं झालं. खोल्या देणारी चार घरं माझ्या ओळखीची होती. कुठल्या घराचा जिना उभा आहे, कुठल्या विहिरीला कठडा नाही, कुठला कुत्रा पोरांच्या अंगावर धावतो, हे सगळं मी जाऊन बघून आले होते. सुप्याच्या धरणातून पाणी सोडलं की काळी नदी बघता बघता चढते, म्हणून पोरांना डुंबायला कुठे न्यायचं आणि किती वाजायच्या आत बाहेर काढायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं.

हे सगळं मी त्या बाईंना सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत ना?"

"हो, एक मुलगी," मी म्हणाले. "सात वर्षांची."

"मग तुम्हाला वेगळं सांगायला नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम सैल पडला. दोन मिनिटांत सगळं पक्कं झालं.

फोन ठेवला आणि मी भातात बोटं घालून तशीच बसून राहिले. खोटं बोलले म्हणून वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तोंडात काहीतरी गोड विरघळावं तसं वाटत होतं.

मुलगी मला झाली होती. सात वर्षांपूर्वी, सुगीच्याच दिवसांत. दिवस भरायच्या आधी आली, एवढीशी होती. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं ते सगळं आम्ही केलं. ऊब दिली, वाटीने दूध पाजलं. कुणाची काही चूक नव्हती. नवव्या दिवशी सकाळी तिने दूध घेणं सोडलं. ह्यांनी जीप काढली, मी तिला छातीशी धरून बसले. जीप गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा पोचली नाही.

बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं. पाळणा शेजारणीकडून आणून ठेवला होता. तो परत गेला. माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून हे आणि सासरे तिला घेऊन गेले. मी विचारलं, कुठे नेता? सासूबाई म्हणाल्या, "आईनं इचारू ने गे. जागा कळली की मन थितंच घुटमळतंय, मग दुसरं प्वार येत न्हाई." मी विचारलं नाही. दुसरं मूल तरीही आलं नाही. पुढे सासू गेल्या, सासरे गेले. आम्ही दोघंच राहिलो, आणि त्या नऊ दिवसांबद्दल आमच्यात एक शब्दसुद्धा निघाला नाही. भांडणं झाली, आजारपणं झाली, छप्पर नवं घातलं, जीपला नवं इंजिन बसवलं. तो विषय मात्र कुणी काढला नाही.

म्हणून त्या दिवशी फोनवर "सात वर्षांची" म्हणाले तेव्हा मला हिशोब करावा लागला नाही. तो आपोआप होत आला होता.

त्यानंतर ते खोटं मी पुन्हा पुन्हा बोलले. हुबळीच्या एका आईला म्हणाले, माझी पण भाजी बघून तोंड फिरवते, घावन्यात घालून द्या, कळत नाही. गोव्याहून येणाऱ्या एकीला सांगितलं, जळवांना माझी पण भिते, मोज्यांना मीठ चोळून ठेवते मी. आयांना बरं वाटायचं. त्या मोकळ्या बोलायच्या, मग मला त्यांच्या मुलांसाठी नीट काही करता यायचं. मी स्वतःला हेच सांगत होते. खरं म्हणजे फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते मनात पुन्हा घोळवायची. घावन्यातली भाजी, मिठाचे मोजे. ती शाळेला बेळगावात, हॉस्टेलात होती, कारण घरात ती कुणाला दिसणार नव्हती.

ते पुण्याचं कुटुंब नाताळात आलं, स्वतःच्या गाडीने. गणेशगुडीच्या घरी मी अंगणात त्यांची वाट बघत होते. हे तेव्हा दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन उळवीला गेले होते. ती सहा वर्षांची मुलगी गाडीतून उतरली ती थेट माझ्याकडे आली.

"तुमची मुलगी कुठाय?"

"हॉस्टेलात आहे. तिला सुट्टी नाही मिळाली."

"तिचं नाव काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. बाकी सगळं जुळवून ठेवलं होतं, हे राहिलं होतं. आणि तरी नाव लगेच तोंडात आलं. त्या नऊ दिवसांत मनाशी धरलेलं नाव, जे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही. पण त्या अंगणात, त्या परक्या मुलीपुढे, मी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. तिने ते पुन्हा म्हणून बघितलं. "छान आहे," म्हणाली, आणि धनेश पक्षी बघायला पळाली.

जाताना तिने वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. "हे तिला द्या." त्यावर मांजराचं चित्र होतं, खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, तुला मांजर आवडतं का? पुढच्या वेळी सुट्टी घे.

ते पान मी ट्रंकेत ठेवलं असतं आणि तिथेच सगळं थांबलं असतं. पण महिन्याभराने तिच्या आईचा फोन आला. "अहो, रोज विचारते, पत्राचं उत्तर आलं का म्हणून. तुमच्या लेकीला जमलं तर दोन ओळी लिहायला सांगाल?"

मी दुरेघी वही आणली, पेन्सिल आणली. डाव्या हाताने लिहून बघितलं, ते फारच वाईट आलं. मग उजव्या हाताने, पण सावकाश, जीभ दातात धरून. दोन शब्द मुद्दाम चुकवले, खोडले, पुन्हा लिहिले. मला मांजर आवडतं. आमच्या आजोळी दोन आहेत. पाकिटावर आमच्या रामनगरचा शिक्का पडू नये म्हणून बसने बेळगावला गेले, दोन तास जायला, दोन तास यायला, आणि तिथल्या पेटीत ते पत्र टाकलं. ह्यांना सांगितलं, माहेरच्यांना बाजार करायचा होता. येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई होती. तिने विचारलं, कुठे गेलतीस? मी म्हणाले, मुलीला भेटायला.

दोन वर्षांत चार पत्रं लिहिली. पुढच्या नाताळात ते लोक पुन्हा आले. तेव्हाही हे नव्हते, तेव्हाही मी सुट्टीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तिसऱ्या वर्षी ते रेल्वेने आले, आणि लोंढ्याला त्यांना घ्यायला हे गेले. मला आधी कळलं असतं तर मी दुसरी जीप सांगितली असती. पण ठरलेला ड्रायव्हर आयत्या वेळी आजारी पडला. मी गणेशगुडीच्या त्या घरी पुढे जाऊन खोल्या झाडून घेत होते. हे स्वतः गेलेत हे कळलं तेव्हा जीप लोंढ्याजवळ पोचली होती. फोन लागेना.

जीप आली. मुलगी पुढे, ह्यांच्या शेजारी बसली होती. हे उतरले, सामान उतरवलं, माझ्याकडे बघितलं नाही. मुलीच्या आईने हसून माझा हात धरला. "यंदाही चुकामूक! भाऊ म्हणाले, परीक्षा आहे तिची."

मी "हो" म्हणाले.

त्यांना चहा देऊन मी मागे गेले. हे मोरीजवळ दगडावर बसले होते.

"पोरगी म्हणाली, काका, ती आली का?" ते म्हणाले. "मी इचारलं, कोण? तर तिनं नाव सांगाटलं. म्हणाली, तुमचीच मुलगी की, दुसरं कोण."

मी मोरीतलं भांडं उचलून विसळायला लागले.

"मी म्हटलं परीक्षा हाय. दुसरं काय सांगू? आईबाप मागं बसलेले." मग त्यांनी विचारलं, "नाव तू ठिवलंस?"

"व्हय."

"कवा?"

"ती असतानाच. बारशादिवशी सांगणार होते."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं आता शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मला सांगाचं होतंस गे," ते म्हणाले. "नऊ वर्सं मी नुसतं 'ती' म्हणत बसलो."

हे बोलून ते उठले आणि जीप पुसायला गेले.

मला वाटलं होतं, ते त्या लोकांपासून लांब राहतील. झालं उलटंच. दोन दिवस ती मुलगी ह्यांच्या मागे मागे आणि हे तिच्या पुढे पुढे. सुप्याचं धरण दाखवलं, शेकरू दाखवली, बांबूची पिपाणी करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या वळणावर, जिथे पाणी उथळ असतं, मुलगी पाय बुडवून बसली होती. मी कोकमाच्या सरबताचे पेले घेऊन खाली उतरत होते. तिने ह्यांना विचारलेलं मला ऐकू आलं.

"तिला पोहता येतं?"

"येतंय तर. माशावाणी पवते. म्याच शिकवलं, ह्याच जाग्यावर."

"भीती नाही वाटली तिला?"

"पैल्यांदा वाटली. माझ्या मानंला असा इळखा घालून बसली, सोडंचना." ह्यांनी स्वतःच्या मानेला हात लावून दाखवलं. "मी म्हटलं, पाय हालीव, बा हाय खाली. मग सोडली बघ."

मी तिथेच पायवाटेवर उभी राहिले. माझ्या गोष्टी मी आयांचा विश्वास बसावा म्हणून जुळवल्या होत्या. निदान सुरुवात तरी तशी झाली होती. ही मात्र त्याच घटकेला सुचलेली नव्हती. ती घासून घासून गुळगुळीत झालेली होती. लोंढ्याच्या रस्त्यावर, रिकाम्या जीपमधून परत येताना, हा माणूस तिला किती वेळा पोहायला शिकवून आला असेल. आणि घरी येऊन मुकाट्याने जेवला असेल. मीही मुकाट्याने वाढलं.

त्या दुपारी मुलीच्या आईने बॅगेतून एक फ्रॉक काढला. पिवळा, बारीक फुलांचा. "आमच्या मॅडमनी स्वतः पसंत केलाय. आपल्यापेक्षा एक वर्षाने मोठी म्हणून एक माप मोठं घ्यायला लावलं. बघा बरं, बसेल ना तिला?"

मी फ्रॉक हातात घेतला. खांद्याच्या शिवणी धरून समोर पसरला. एवढी असती. इथपर्यंत खांदे आले असते, इथपर्यंत गुडघे. तोवर मी तिला वयाने वाढवलं होतं, पण ती उंच किती झाली असती ते माझ्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "ती नाही."

"म्हणजे?"

"हॉस्टेलात नाही. कुठेच नाही. नऊ दिवसांची असताना गेली."

त्या खाटेवर बसल्या. मला जवळ बसवलं, माझा हात आपल्या हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. बाहेर हे आणि मुलगी खडे जमवत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आणि पत्रं?"

"मी लिहिली."

त्यांनी हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढून घेतला.

"ती पत्रं तिच्या उशाखाली असतात हो," त्या म्हणाल्या. "शाळेत 'माझी मैत्रीण' म्हणून निबंध लिहिलाय तिने. पहिल्यांदा तुम्ही बोललात ते मी समजू शकते. कुणीही बोलेल. पण तुम्ही बेळगावला जाऊन पत्रं टाकत होतात?"

"व्हय."

"मी आता तिला काय सांगू? ती मैत्रीण वारली म्हणून सांगू, की मुळात नव्हतीच म्हणून सांगू? तुम्हीच सांगा. तुम्हाला मुलांचं सगळं कळतं."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. कुठल्या वयाच्या मुलाला घाटात कुठे थांबवायचं हे मला माहीत होतं, कुणाला पेज द्यायची, कुणाला आंबील, हेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही माझा. पण मला आधी माझी मुलगी दिसते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मुलीला काही सांगितलेलं नव्हतं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "परीक्षा झाली की फोन करायला सांगा तिला." हे त्यांना लोंढ्याला सोडून आले. त्यानंतर आईचा एकच निरोप फोनवर आला. कृपया आता पत्र पाठवू नका. काळजी घ्या. ते लोक परत कधी आले नाहीत. फ्रॉक त्यांनी नेला नव्हता. खाटेवर घडी घालून ठेवला होता.

त्यानंतर चार दिवसांनी मी ह्यांना म्हणाले, "मला जागा दाखवा."

हे उठले. आमच्या शेताच्या खाली ओहोळ आहे, त्याच्या पलीकडे चढ आहे. माझ्या घरापासून पंधरा मिनिटं. मी तिथून गवत आणलं होतं, सुकी लाकडं आणली होती, किती वेळा ते देवाला ठाऊक. हे पुढे चालत होते, मी मागे. चढावर एक मत्तीचं झाड होतं आणि आठ-दहा पावलांवर दुसरं, तसंच. हे पहिल्या झाडापाशी थांबले. मग दुसऱ्यापाशी गेले. परत आले. खाली वाकून पाचोळा बाजूला केला.

"दगड ठिवलेलं व्हतं तवा," ते म्हणाले. "बानं तीन दगड ठिवले. पावसानं गेले का गुरांनी ढकलले..." ते पुन्हा दुसऱ्या झाडाकडे बघू लागले. "ह्ये का त्ये, मला बी आता नक्की कळंना झालंय गे. तवा झाडं बारकी व्हती."

आणि हा माणूस, ज्याला मी आईबापाच्या तिरडीपुढेही रडताना बघितलं नव्हतं, तिथे उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "मी बघून ठिवाया हवं व्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तू इचारलं न्हाईस, मी पुन्ना आलो न्हाई. मला बी येववलं न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले. दोन झाडांच्या मध्ये, जिथे जागा मिळाली तिथे. नऊ वर्षं मला वाटत होतं की ते सगळं ह्यांच्यापाशी आहे, माझ्यापासून लपवलेलं. आणि ह्यांना वाटत होतं, मी विसरून गेले. मी ह्यांना ती दवाखान्यात जांभई कशी द्यायची ते सांगितलं. हे म्हणाले, मला माहीत हाय, मी बी बघितलंय. मग ह्यांनी तिचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते वेगळंच लागलं, जरा ओढून, रामनगरी. मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

काम मी सोडलं नाही. दुसरं काय करणार, आणि मला ते येतं. आजही फोन येतात, आया विचारतात, तुम्हाला मुलं आहेत का? आता मी सांगते, होती एक, नऊ दिवसांची. काहीजणी गडबडून फोन ठेवतात आणि दुसरीकडे खोली बघतात. काही आवाज बारीक करून नदीचं विचारतात. धारवाडच्या एका बाई म्हणाल्या, माझा पण एक, चार महिन्यांचा. मग त्यांनी विचारलं, खोलीला डासांची जाळी आहे का. मी म्हणाले, आहे, पण एक फाटकी आहे, ती मी शिवून ठेवते.

पुण्याची ती मुलगी आता बारा वर्षांची असेल. तिच्या आईने तिला शेवटी काय सांगितलं, मला कळलं नाही. कधी वाटतं, मैत्रिणी तशाही सुटतात, ती विसरूनही गेली असेल. कधी वाटतं, तिने ती चार पत्रं काढली असतील, अक्षर नीट बघितलं असेल, आणि तिला कळलं असेल. त्या वयाला कळतं. हे बरं की ते, मला ठरवता येत नाही. नाताळ जवळ आला की हे लोंढ्याला जाताना जरा लवकर निघतात, आणि पुण्याची गाडी रिकामी होईपर्यंत फलाटावर थांबून येतात. आल्यावर मी विचारत नाही. हे आपणहून सांगतात, "न्हाई आली."